भातानंतर मका, तोही नांगर न घालता



आपल्या वार्तापत्रात प्रत्येक अंकात एक तरी अभ्यासलेख असावा, असा प्रघात आहे. या वेळी आम्ही शेतीचा विषय घेत आहोत. हैदराबादसारख्या महानगरातील शाळेत शेतीचा पाठ कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. पण आपल्या डब्यातला भात आणि इडली ही धानाच्या शेतातून येतात, आणि त्याच डब्यातले उकडलेले अंडे ज्या कोंबडीचे असते ती बहुतांशी मक्यावर पोसलेली असते. शिवाय आपल्यापैकी अनेक कुटुंबांची थोडीफार जमीन नांदेड, बिदर, निजामाबाद, आदिलाबाद या बाजूला आजही आहे. कोणी ती बटाईने दिली आहे, कोणी भावाकडे सोपवली आहे. सातबारा असो की पट्टादार पासबुक, त्यावर पुढे नाव लागणार ते आज सातवी-आठवीत बसलेल्या मुलामुलींचेच. तेव्हा त्या मातीचे काय होते आहे, हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

आजचा विषय असा : एकाच शेतात पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात मका घ्यायचा, आणि दोन पिकांच्या मध्ये जमीन कमीत कमी उकरायची. ही पद्धत टिकाऊ आहे काय? 'टिकाऊ' म्हणजे पाच वर्षे चांगले पीक देणारी नव्हे. आज जे उत्पन्न मिळते ते नातवंडांनाही त्याच मातीतून मिळावे, अशी पद्धत म्हणजे टिकाऊ.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा आम्ही 'फसल-चक्र' हा शब्द शिकलो. मराठीत त्याला 'पिकांची फेरपालट' म्हणतात. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या भाषेत धानाला 'वरी' म्हणतात. घरी आजीला 'वरी आण' म्हटले तर ती उपासाची भगर काढून देईल! मक्याला तेलुगूत 'मोक्का जोन्ना' म्हणतात, आणि 'जोन्ना' म्हणजे ज्वारी. मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून तो घडवला. तो आपल्या भागात आला तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या ज्वारीचे नाव जोडून दिले. खरीप आणि रब्बी या हंगामांना तेलंगणात 'वानाकालम' आणि 'यासंगी' म्हणतात.

१. दोन पिके, दोन स्वभाव

भात आणि मका ही दोन्ही गवताच्या कुळातली पिके. पण त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

भाताला पायाशी पाणी चालते. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्या वाटांनी मुळांपर्यंत पोहोचतो. म्हणून शेतकरी लावणीपूर्वी शेतात पाणी भरून चिखलणी करतो. चिखलणीने मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. तणही दबते. वर्षानुवर्षे चिखलणी झाली की वरच्या मऊ थराच्या खाली एक कठीण थर तयार होतो. भातासाठी तो थर म्हणजे टाकीचा तळच.

मक्याला नेमके हेच नको असते. मक्याची मुळे दीड मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात, पण त्यांना भुसभुशीत आणि हवेशीर माती लागते. कोवळ्या मक्याच्या बुडाशी दोन-चार दिवस पाणी साचून राहिले तर रोप पिवळे पडते, प्रसंगी मरते. म्हणजे जो कठीण थर भाताला उपकारक, तोच मक्याला अडसर.

मग शेतकरी काय करतो? पावसाळ्यात ट्रॅक्टरने मातीची घडण मोडतो, आणि हिवाळ्यात पुन्हा नांगर, पुन्हा रोटाव्हेटर फिरवून ती घडण आणण्याचा प्रयत्न करतो. एकाच वर्षात आधी मोडायचे आणि मग जोडायचे. मोडणे एका दिवसात होते. मातीची खरी घडण मात्र मुळे, गांडुळे आणि सूक्ष्म जीव यांच्याकडून होते, आणि तिला वर्षे लागतात. रोटाव्हेटरने ढेकळे फुटतात, मातीची घडण होत नाही. विद्यार्थ्यांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा.

२. धानाच्या शेतात मका कसा आला?

बिहारमध्ये हिवाळी मका बऱ्याच वर्षांपासून होतो. कोसी नदीच्या बाजूचे पूर्णिया, कटिहार, खगडिया हे जिल्हे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या बाजूला ही गोष्ट कृष्णा-गोदावरीच्या सखल भागात घडली. तेथे पूर्वी धान कापण्याच्या आधीच ओल्या शेतात उडीद किंवा मूग फेकून पेरत. धान निघाले की त्याच ओलीवर डाळीचे पीक येई. नांगरणी नाही, खर्च जवळजवळ नाही. पुढे उडदावर पिवळ्या मोझॅकचा रोग वाढला, अमरवेलीने शेते वेढली, आणि दुसऱ्या धानाला कालव्याचे पाणी पुरेना. तेव्हा २००० नंतरच्या दशकात गुंटूर, कृष्णा या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी धानाच्या धसकटांतच मका टोकायला सुरुवात केली.

ती रीत साधी आहे. धान कापले की जमिनीत ओल असतानाच दोरी धरून किंवा खुणा करणारे हातयंत्र ओढून ओळी आखायच्या. काठीने भोक पाडायचे, दाणा टाकायचा, माती दाबायची. दोन ओळींत साधारण ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवायचे. नांगर नाही, वखर नाही. मराठीत यालाच टोकण म्हणतात. तेलंगणातही ही पद्धत आता अपरिचित राहिलेली नाही.

मक्याला गिऱ्हाईकही भरपूर मिळाले. कुक्कुटपालन हा आंध्र-तेलंगणाचा मोठा धंदा आहे आणि कोंबडीखाद्याचा मुख्य भाग मका असतो. त्यात अलीकडे पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठीही मका मोठ्या प्रमाणात जाऊ लागला आहे. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्राने साध्या धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि मक्याला २,४०० रुपये हमीभाव जाहीर केला होता. कागदावर मका धानाच्या बरोबरीचा आहे. परंतु धानाची सरकारी खरेदी मोठी असते, मक्याची तशी नसते. मका बाजारभावावर सोडलेला असतो, आणि तो भाव हमीभावाच्या खालीही जातो. शेतकरी मक्याकडे वळायला का कचरतो, याचे हे एक सरळ कारण आहे. केवळ 'शेतकऱ्याला कळत नाही' असे म्हणून मोकळे होणे योग्य नाही.

३. नांगर थांबवून काय मिळते?

नांगर हे आपल्याकडे कष्टाचे आणि मानाचे चिन्ह आहे. त्यामुळे 'नांगरू नका' हे वाक्य ऐकायलाच विचित्र वाटते. पण जगात या विचाराला मोठा इतिहास आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांवर सतत नांगरलेली कोरडी माती वाऱ्याने उडाली, धुळीची प्रचंड वादळे झाली आणि लाखो लोकांना गाव सोडावे लागले. त्यानंतर १९४३ साली एडवर्ड फॉकनर या कृषी अधिकाऱ्याने नांगरालाच दोषी ठरवणारे पुस्तक लिहिले, ते खूप गाजले. जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांनी भात आणि जव यांची फेरपालट नांगराविना अनेक वर्षे करून दाखवली. त्यांना १९८८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उत्तर भारतात १९९० च्या दशकात पंतनगर कृषी विद्यापीठाच्या पेरणीयंत्रामुळे भातानंतरचा गहू न नांगरता पेरता येऊ लागला. मक्याची गोष्ट त्याच वाटेवरची आहे.

न नांगरण्याचे फायदे क्रमाने पाहू.

पहिला फायदा वेळेचा. धान कापल्यावर शेत नांगरायचे म्हणजे वाफसा येण्याची वाट पाहणे आले. वाफसा म्हणजे माती धड चिखल नाही आणि धड कोरडी नाही, अशी मशागतीयोग्य अवस्था. हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या शहाणपणाचा उत्तम नमुना आहे. ही वाट पाहण्यात आणि मग दोन-तीन पाळ्या घालण्यात आठ-दहा दिवस सहज जातात, आणि तेवढ्यात ओल उडून जाते. टोकणीत मका त्याच ओलीवर उगवतो. लवकर पेरलेला मका उन्हाळ्याचा चटका वाढण्यापूर्वी तुऱ्यावर येतो आणि कणसात दाणे नीट भरतात.

दुसरा फायदा खर्चाचा. समजा, एका एकराच्या नांगरणी-वखरणीला मिळून १५ लिटर डिझेल लागले. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १५ गुणिले २.७ म्हणजे साधारण ४० किलो. डिझेलचे पैसे वाचले ते वेगळेच.

तिसरा फायदा आच्छादनाचा. धानाचा पेंढा आणि धसकटे शेतातच राहिली की ऊन थेट मातीवर पडत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि गांडुळांना अन्न मिळते. पेंढ्याविषयी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धानाचे पीक जमिनीतून जितके पालाश उचलते, त्यातील सुमारे ८० टक्के कापणीच्या वेळी पेंढ्यातच असते. दाण्यात थोडेच जाते. म्हणजे पेंढा शेताबाहेर नेला की पालाशाची तिजोरीच बाहेर गेली. पेंढा जाळला तर त्यातील नत्र बहुतेक सारे हवेत जाते, आणि आपल्या छातीत धूर येतो तो वेगळा.

४. पाण्याचा हिशोब

हा भाग गणिताच्या वहीत सोडवून पाहावा.

एका एकरावर एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले तर ते ४,०४७ लिटर होते. कारण एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. चिखलणी करून लावलेल्या भाताला चिखलणीपासून कापणीपर्यंत साधारण १,००० ते २,००० मिलिमीटर पाणी लागते. मक्याला ५०० ते ८०० मिलिमीटर पुरते. आपण हिशोबासाठी भाताला १,२०० आणि मक्याला ६०० धरू. फरक ६०० मिलिमीटरचा. ६०० गुणिले ४,०४७ म्हणजे २४,२८,२०० लिटर. उन्हाळ्यात आपल्या वस्तीत येणारा टँकर ५,००० लिटरचा धरला, तर एका एकरामागे सुमारे ४८५ टँकर!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भाताच्या शेतातले सगळे पाणी वाया जात नाही. त्यातले काही झिरपून पुन्हा भूजलात जाते. पण बोअरवेलने ते पाणी वर खेचायला वीज लागते, आणि ती शेतकऱ्याला फुकट मिळाली तरी राज्याला फुकट पडत नाही. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यात आली. त्याच काळात कालव्यांचे आणि तलावांचे पाणी वाढले आणि यासंगीतले धान झपाट्याने पसरले. पावसाळ्यातला भात पावसावर बराच निभावतो. यासंगीतल्या भाताचे पाणी मात्र धरणातून, कालव्यातून किंवा जमिनीच्या पोटातूनच येते. मांजरा नदी बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर, बिदरवरून आपल्या भागात येते. तिच्यावर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला गेला. ज्या नदीचे पाणी तीन राज्ये वाटून घेतात, तिच्या काठी दोन्ही हंगामांत भात घ्यावा की एका हंगामात मका, हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा राहत नाही.

५. हवेचा आणि मातीतल्या कर्बाचा हिशोब

भाताच्या तुंबलेल्या पाण्याखाली प्राणवायू नसतो. तेथे मिथेन तयार करणारे सूक्ष्म जीव वाढतात. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. हिवाळी भाताच्या जागी मका आला की मिथेन जवळजवळ थांबते.

पण निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने मागतोही. हवेशीर जमिनीत युरिया टाकला की त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथील प्रयोगांत दोन्ही बाजू मोजल्या तेव्हा एकूण तापमानवाढीचा हिशोब मक्याच्या बाजूनेच लागला. मात्र त्याच संस्थेच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. भात-भात घेतलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब साठून राहतो, आणि भात-मका घेतल्यावर तो कमी होतो. याचे कारण असे की पाण्याखाली पालापाचोळा सावकाश कुजतो, आणि हवेशीर जमिनीत भराभर.

आपल्या लेखाचा गाभा येथेच आहे. भातानंतर मका घेतला तर पाणी वाचते आणि मिथेन कमी होते, पण मातीतला कर्ब झिजू लागतो. त्यात वर नांगर फिरवला तर ती झीज आणखी वाढते, कारण नांगराने मातीत हवा भरते. म्हणून भात-मका या जोडीला नांगर थांबवणे आणि पेंढा राखणे या दोन गोष्टींची इतर जोड्यांपेक्षा अधिक गरज आहे.

६. गाडी कोठे अडते?

एकाच बाजूचे गुणगान केले तर तो अभ्यास होत नाही. आता अडचणी पाहू.

उत्पन्न : २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात जगभरातील ६१० अभ्यास एकत्र करून एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नांगर थांबवला तर उत्पन्न एकंदरीत सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी घटते. पण त्याच्या जोडीला काडीकचऱ्याचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट ठेवली तर ही घट पुष्कळ कमी होते, आणि कोरडवाहू भागांत तर उत्पन्न वाढतेही. म्हणजे नांगरबंदी, आच्छादन आणि फेरपालट ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढला की ती कलंडते.

तण : नांगर हा तणांचा मोठा शत्रू. तो थांबला की लव्हाळा, हरळी आणि धानाची उगवलेली धसकटे डोके वर काढतात. आंध्रातल्या पद्धतीत टोकणीनंतर एक-दोन दिवसांत पॅराक्वाट आणि अॅट्राझिन ही तणनाशके मिसळून फवारतात. पॅराक्वाट हे अत्यंत विषारी द्रव्य आहे. ते पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याला परवानगी नाही. मातीतला जीव वाचवण्यासाठी नांगर थांबवायचा आणि त्याच मातीवर असे विष टाकायचे, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. दाट आच्छादन, वेळेवर एक-दोन खुरपण्या आणि ओळींच्या मधून हातकोळपे, हा मार्ग अधिक कष्टाचा आहे. मजुरी महाग असताना शेतकऱ्याला तो सोपा नाही, हेही खरे.

खते : पेंढ्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे असते. तो कुजवणारे सूक्ष्म जीव मातीतले नत्र स्वतःसाठी उचलतात, त्यामुळे सुरुवातीला मका पिवळा दिसू शकतो. भाताच्या पाण्यात सहज मिळणारे स्फुरद शेत कोरडे झाल्यावर मातीला चिकटून बसते. म्हणून पहिला हप्ता बियाण्याच्या जवळ, पण त्याला न लागेल असा द्यावा लागतो. जस्ताची उणीव तर दोन्ही पिकांना भोवते.

कीड : २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली, आणि त्याच वर्षी शेजारच्या राज्यांत पोहोचली. तिचे आवडते खाद्य मका. गावात बाराही महिने कोठे ना कोठे मका उभा राहिला तर तिला वर्षभर जेवण मिळते.

जमीन : तेलंगणातील हलक्या तांबड्या 'चलका' जमिनीत पाण्याचा निचरा होतो, तेथे ही पद्धत सोपी जाते. काळ्या रेगडीत, सखल जागी पाणी साचते. तेथे कायमचे गादीवाफे करून त्यांवर मका घ्यावा लागतो. खालचा थर फारच कठीण झाला असेल तर एकदाच खोल फाळ चालवून तो फोडावा आणि मग नांगर बंद करावा. 'कमी मशागत' याचा अर्थ 'विचार न करता शून्य मशागत' असा नव्हे.

चिखलणी : हिवाळ्यात नांगर थांबवला आणि पावसाळ्यात पुन्हा चिखलणी केली, तर सहा महिन्यांची कमाई एका दिवसात मोडते. म्हणून भातही चिखलणीविना, पेरून घ्यावा, अशी दिशा आता पुढे येत आहे. बिहारमध्ये समस्तीपूरजवळ पुसा येथे बोरलॉग संस्थेच्या शेतावर अनेक वर्षे असे प्रयोग झाले. पेरलेल्या भाताचे उत्पन्न लावणीच्या भाताच्या आसपास राहते, कधी थोडे कमी येते. त्यामागून येणारा मका मात्र चांगला होतो आणि दोन्ही पिके मिळून खर्च घटतो, असा तेथील अनुभव आहे.

७. तिसरा सोबती

आता मूळ प्रश्न. भात-मका-कमी मशागत ही पद्धत टिकाऊ आहे काय?

पुन्हा थोडा हिशोब करू. एक टन धान्य पिकवण्यासाठी भाताला साधारण १८ किलो आणि मक्याला साधारण २२ किलो नत्र लागते. समजा, एकरी अडीच टन धान आणि तीन टन मका आला. अडीच गुणिले १८ म्हणजे ४५, आणि तीन गुणिले २२ म्हणजे ६६. दोन्ही मिळून १११ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र होते. म्हणजे वर्षाला एकरी पाच पोत्यांहून अधिक युरियाइतके नत्र ही दोन पिके उचलतात. काही जमीन देते, काही पेंढ्यातून परत येते, उरलेले पोत्यातून येते. दोन खादाड भाऊ एकाच ताटात जेवायला बसले, आणि ताट भरणारा कोणी नाही, अशी ही अवस्था आहे.

ज्या उडदाला मक्याने हाकलले, तो उडीद हवेतले नत्र आपल्या मुळांवरच्या गाठींत बांधून जमिनीला देत होता. मका आला, पैसा आला, पण ताट भरणारा गेला. म्हणून आमचे मत असे आहे की केवळ भात-मका ही खरी फेरपालट नव्हे. तृणधान्यामागे तृणधान्य घेणे म्हणजे नाव बदलून तेच पीक घेणे. तिसरा सोबती द्विदल पाहिजे. पाणी असेल तर मक्यानंतर साठ-पासष्ट दिवसांचा उन्हाळी मूग घ्यावा. पाणी कमी असेल तर पहिल्या पावसावर धैंचा किंवा ताग पेरून तो भातापूर्वी जमिनीला द्यावा. तेही जमत नसेल तर दर तिसऱ्या वर्षी मक्याच्या जागी हरभरा किंवा उडीद घ्यावा. रोगप्रतिकारक वाण आता मिळतात. तेव्हा ज्या कारणाने उडीद गेला, ते कारण पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही.

तिवईचे तीन पाय आणि हा द्विदल सोबती असेल तर ही पद्धत टिकाऊ म्हणता येईल. नुसता नांगर बंद, पेंढा पेटवलेला, तणनाशकाची फवारणी आणि वर युरियाची पोती, हे सारे 'शून्य मशागत' या नावाखाली चालत असेल, तर ते केवळ डिझेल वाचवणे आहे.

महाराष्ट्रातही या दिशेने चांगले काम झाले आहे. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर, चिखलणी आणि लावणी न करता भात घेण्याचे तंत्र विकसित केले. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यांवर पुढचे पीक टोकायचे, असे ते तंत्र आहे. कोल्हापूरचे श्री. प्रताप चिपळूणकर यांनी विना-नांगरणी शेतीवर मराठीतून पुष्कळ लेखन केले आहे. मराठी वाचता येणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे ज्ञान मूळ भाषेतच उपलब्ध आहे, ही समाधानाची बाब होय. आपल्या शहरातही राजेंद्रनगरला भात संशोधन संस्था, संतोषनगरला कोरडवाहू शेती संस्था आणि पाटणचेरूला इक्रिसॅट आहे. एवढ्या संस्था जवळ असणारी शाळा देशात विरळाच.

८. करून पाहा

(अ) दोन कुंड्या घ्या. एकीतली माती पाणी घालून हाताने चिखल होईपर्यंत कालवा. दुसरीतली तशीच ठेवा. दोन्ही आठवडाभर सुकू द्या. मग प्रत्येकीत एक तांब्या पाणी ओता आणि ते खाली उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. चिखलणीचा परिणाम डोळ्यांना दिसेल.

(आ) दोन काचेच्या भांड्यांत पाणी भरा. एकात वारंवार खोदलेल्या वाफ्यातले सुके ढेकूळ आणि दुसऱ्यात कुंपणाखालचे, वर्षानुवर्षे न हललेले ढेकूळ जाळीत ठेवून अलगद सोडा. कोणते लवकर विरघळते? का?

(इ) सारख्या ओल्या मातीच्या दोन कुंड्या तोलून ठेवा. एकीवर पेंढा पसरा आणि पेंढ्यासह पुन्हा तोला. पाच दिवसांनी दोन्ही तोला. कोणत्या कुंडीचे वजन किती घटले ते लिहा.

९. विचार करा

१. भाताला उपयोगी पडणारा कठीण थर मक्याला का नको असतो?
२. 'पेंढा जाळणे म्हणजे खत जाळणे' हे विधान पालाश आणि नत्र यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या कुटुंबाची शेती असल्यास, मागील तीन वर्षांत तेथे कोणती पिके घेतली आणि पेंढ्याचे काय केले, ते आजोबा-काकांना किंवा शेती कसणाऱ्यांना विचारून लिहा.
४. मक्याची सरकारी खरेदी धानाइतकी झाली तर तुमच्या गावात काय बदलेल?

पालकांना आमची एक विनंती आहे. ज्यांनी जमीन बटाईने दिली आहे, त्यांनी या वर्षी कसणाऱ्याशी बोलताना वाट्याच्या आकड्याबरोबर दोन गोष्टी अवश्य काढाव्यात : पेंढा जाळायचा नाही, आणि वर्षातून एकदा द्विदल पीक घ्यायचे. त्यात त्याचे नुकसान होत असेल तर ते वाटून घ्यावे. कसणारा दरवर्षी बदलतो, म्हणून त्याला पुढच्या दहा वर्षांचा विचार परवडत नाही. तो विचार मालकानेच केला पाहिजे.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एक छोटा प्रस्ताव ठेवतो. शाळेच्या मागील मोकळ्या जागेत दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे दोन वाफे करावेत. एक दर हंगामी खोदायचा. दुसरा कधीच खोदायचा नाही, त्यावर फक्त आच्छादन घालायचे. दोन्हींत तीच पिके : पावसाळ्यात भात, हिवाळ्यात मका, उन्हाळ्यात मूग. तणनाशक कोठेही नाही. मोजमापाची वही इयत्ता सातवीच्या वर्गाकडे राहील आणि दरवर्षी पुढच्या सातवीला सोपवली जाईल. मातीचा बदल एका वर्षात दिसत नाही, म्हणून हा प्रयोग किमान पाच वर्षे चालला पाहिजे. खर्च बी-बियाण्यांचा आणि एका तराजूचा. जागा तेवढी मंडळाने द्यावी. वही आम्ही तयार ठेवली आहे.